कठड्यावरची जागा

अहो,

काल तुम्ही पंचाहत्तर पूर्ण करून पुन्हा एकदा सगळ्यांत लहान झाला असता.

आपल्या घराबाहेर हे वाक्य कुणाला कळायचं नाही. वैशालीच्या सासरच्या माणसांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना वाटलं होतं, व्याह्यांचं डोकं जरा फिरलंय. लोक साठीला घाबरतात, सत्तरी लपवतात. तुम्ही मात्र दर पाच वर्षांनी मुलगी बघायला निघाल्यासारखे खुशीत असायचात. ज्येष्ठांच्या स्पर्धांत पाच-पाच वर्षांचे गट असतात ना. चौसष्टाव्या वर्षी तुम्ही आपल्या गटात म्हातारे, आणि पासष्ट पुरी झाली की पुढच्या गटातले सगळ्यांत तरणे. "आता बघ गं, एकेकाला कसा मागं टाकतो," म्हणून मिशीवरून हात फिरवायचात. म्हातारं व्हायची एवढी घाई झालेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. आणि इतकी घाई करून ऐन पंचाहत्तरीच्या तोंडावर निघून गेलात. अजून थोडे दिवस थांबला असतात तर काय बिघडलं असतं?

पण थांबणं तुम्हाला कधी जमलंच नाही. माझं तुमच्याशी जन्मभराचं भांडण होतं ते ह्याच एका गोष्टीवरून. मला तुमच्या बाजूनं चालायचं होतं. पुढे नाही, मागे नाही, बाजूनं. इतर बायका साड्या मागतात, दागिने मागतात. मी एवढंच मागितलं, आणि तेच तुम्हाला अवघड गेलं.

लग्नातच मला कल्पना यायला हवी होती. तुमच्या उपरण्याला माझ्या पदराची गाठ, आणि सप्तपदीला तुम्ही असे निघालात की मी मागून ओढली गेले. भटजी म्हणाले, "अहो नवरदेव, गाडी चुकतेय का?" सगळा मांडव हसला. तुम्हीही हसलात, आणि पुढच्या पावलाला पुन्हा तेच. मग जेजुरीला गेलो. आपल्या माण तालुक्यात लग्न झालं की नवऱ्यानं बायकोला उचलून गडाच्या पाच पायऱ्या तरी चढायच्या असतात. तुम्ही मला उचललंत, पाच पायऱ्या चढलात, खाली ठेवलंत, अंगावरचा भंडारा झटकलात आणि सुटलात ते थेट वरच. मी धापा टाकत गडावर पोचले तेव्हा तुमचं सरबत पिऊन झालं होतं. "आलीस? चल, रांग वाढतीय," म्हणालात. पुढे कितीतरी बायकांना मी हे हसून सांगितलं, की आम्ही नवरा-बायको बरोबर चढलो त्या पाचच पायऱ्या, आणि त्याही मी चढले नव्हते.

मग बोईसरजवळच्या सरावलीतली चाळ. एमआयडीसीतल्या कापडाच्या कारखान्यात तुमची नोकरी, एक खोली, सामायिक नळ. बाजाराला चालत बोईसरला जायचं. घरातून आपण दोघं बरोबर निघायचो. नळापर्यंत बरोबर असायचो. त्याच्यापुढे मला दिसायची ती तुमची पाठ. वाटेत ओढ्यावर छोटा पूल लागतो, त्याचा सिमेंटचा कठडा हे तुमचं वाट बघायचं ठिकाण. तिथं तुम्ही निवांत बसलेले, एक पाय हलवत. मी घामाघूम होऊन कठड्याजवळ पोचायचे, आता जरा टेकू म्हणून पदरानं तोंड पुसायचे, आणि तेवढ्यात तुम्ही उठून उभे. "आलीस? चल."

म्हणजे तुमचा विसावा झालेला, आणि मला टेकायचीही सोय नाही. मी चिडले की म्हणायचात, "मी थांबलो होतो की तुझ्यासाठी." आणि तोंडावर भाव असा, की या माणसाइतका गरीब कुणी नसेल. बरं, येताना जड पिशव्या दोन्ही तुमच्याच हातात असायच्या, त्यामुळे मला भांडायलाही नीट तोंड राहायचं नाही.

तुमचं हे चालणं म्हणजे खेळ आहे, हे मला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी कळलं. तरुणपणी तुम्ही धावायचात. गुडघा दुखावला आणि डॉक्टरांनी धावणं बंद केलं, तेव्हा घरात महिनाभर सुतक असल्यासारखं होतं. मग कारखान्याच्या क्रीडादिनात जलद चालण्याची शर्यत ठेवली. नाव द्यायला कुणी पुढे येईना, तुम्ही दिलंत, आणि त्या दिवसापासून माझ्या संसारात सवत आली. एक पाय कायम जमिनीला टेकलेला पाहिजे, पुढचा गुडघा ताठ पाहिजे, दोन्ही पाय एकदम सुटले की पंच बाद करतात. हे सगळं तुम्ही मला स्वयंपाकघरात चालून दाखवलंत. चालताना कंबर अशी डावी-उजवीकडे जायची की हातातलं लाटणं तसंच धरून मी हसत बसले.

हसू घरात ठीक होतं. रस्त्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. संध्याकाळी पाळी सुटायच्या वेळेलाच तुम्हाला सराव करायचा असायचा. सायकलवरून जाणारी कामगार पोरं ब्रेक मारून बघायची. एकदा एकानं विचारलं, "चाचा, इतनी जल्दी है तो दौड़ क्यों नहीं लेते?" तुम्ही न थांबता म्हणालात, "दौड़ेगा तो आउट हो जाएगा." तो बिचारा कितीतरी वेळ विचार करत उभा. मी पिशवी तोंडापुढे धरून भाजीवालीच्या पलीकडे गेले. भाजीवाली म्हणाली, "चालनारे काका तुमचेच ना?" मी मान हलवली. तिनं कोथिंबिरीची जास्तीची काडी टाकली. पुढे पुढे बोईसरच्या बाजारात मला माझ्या नावानं कुणी ओळखेनासं झालं, मी चालणाऱ्या काकांची बाई झाले. हे मला आवडायचं, हो. तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही, नाहीतर तुम्ही आणखी जोरात कंबर हलवली असती.

तुमच्या भरभर चालण्याचा मला राग यायचा असं मी सगळ्यांना सांगत आले. पण वैशाली तिसरी-चौथीत असताना मला टायफॉइड झाला होता, आठवतं? सासूबाई गावाकडे, शेजारीण बाळंतीण. तुम्ही जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातून घरी चालत यायचात, मला औषध द्यायचात, पेज भरवायचात, वैशालीच्या वेण्या घालायचात आणि भोंगा व्हायच्या आत परत कामावर. वेण्या अशा वेड्यावाकड्या की बाईंनी शाळेत तिला विचारलं, घरी कुणी आजारी आहे का. मी पडल्या पडल्या रस्त्याकडे कान लावून असायचे. चाळीतल्या सगळ्यांच्या पावलांत तुमची पावलं वेगळी कळायची. तेव्हा मला एकदाही वाटलं नाही की ह्या माणसानं जरा हळू चालावं.

आणि मग आले मोरेश्वरभाऊ. किनाऱ्यावरच्या दांडी गावचे, जन्म समुद्रावर गेलेला, वाळूत चालून पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या. पन्नाशीच्या गटात त्यांनी तुम्हाला पहिल्यांदा हरवलं तेव्हा तुम्ही घरी येऊन जेवला नव्हता. पुढच्या वेळी तुम्ही त्यांना हरवलंत, तर ते सुके बोंबील घेऊन आपल्या ओट्यावर हजर. "वैनी, ह्याला सांगा, ह्याचा गुडगा वाकतो. पंच आंधळा हाय म्हनून जितला." तुम्ही म्हणालात, "तुझे दोन्ही पाय हवेत असतात, तू बोलू नको." वीस-पंचवीस वर्षं हेच भांडण आणि हेच बोंबील. भाऊ तुमच्यापेक्षा वर्षानं मोठे. त्यामुळे दर पाच वर्षांनी ते वरच्या गटात आधी जायचे आणि एक वर्ष तुमची ताटातूट व्हायची. त्या वर्षी दोघंही आपापल्या गटात पहिले यायचात आणि दोघंही तोंड पाडून घरी यायचात. हरायची भीती नसेल तर जिंकण्यात काय आहे, असं तुम्हा दोघांचं काहीतरी होतं. मला ते कधी पुरतं कळलं नाही.

आता त्या दिवसाचं बोलते. एरवी तुम्ही मला पुरतं बोलू द्यायचा नाहीत.

वैशालीला पालघरला दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळ होईल. जावईबापू एका बाकावर, मी एका बाकावर, आणि तुम्ही त्या लांब व्हरांड्यात येरझाऱ्या घालताय, त्याही तुमच्या शर्यतीच्या चालीनं, कंबर हलवत. इतर बाळंतिणींचे नातेवाईक बघताहेत. शेवटी सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही बाहेर जाऊन चाला बरं." त्याच दिवशी जवळच्या मैदानावर जिल्ह्याची स्पर्धा होती, आणि तुम्ही शर्टाच्या आत नंबर टाचूनच आला होता हे मला तेव्हा कळलं. मीच म्हटलं, जा, इथं तुमचा काही उपयोग नाही.

तुम्ही गेलात. थोड्याच वेळात आतून रडणं ऐकू आलं. मुलगी. दोघीही सुखरूप. तुमचा फोन माझ्याच पिशवीत, म्हणून मी चपला हातात घेऊन मैदानावर गेले. शेवटचा फेरा चालू होता. तुम्ही पुढे, मोरेश्वरभाऊ अगदी तुमच्या खांद्यामागे. मला काय ठाऊक तुमचे फेरे. मी कुंपणाला धरून ओरडले, "अहो, मुलगी झाली! वैशालीला मुलगी झाली!"

आणि तुम्ही धावत सुटलात.

आयुष्यात चालायच्या शर्यतीत ज्यानं दोन्ही पाय कधी उचलले नाहीत, तो माणूस सगळ्या मैदानासमोर लहान पोरासारखा पळत होता. पंच लाल फळी वर करून तुमच्यामागे ओरडतोय, लोक हसताहेत, आणि तुम्ही रेघ ओलांडून न थांबता सरळ फाटकातून बाहेर, रस्त्यावर. मी पुन्हा मागेच. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना मला खात्री होती की तुम्ही नातीला मांडीवर घेऊन बसला असाल. पण तुम्ही खोलीच्या दाराशी उभे होता. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला, नंबर एका टाचणीवर लोंबतोय. मी आल्यावर दारातून बाजूला झालात आणि म्हणालात, "तू आधी."

एवढ्या वर्षांत मला पुढे केलंत ते त्या एका दारात. मी आत गेले, सईला हातात घेतलं, आणि मला त्या दोन शब्दांनीच जास्त रडू आलं.

संध्याकाळी भाऊ पदक घेऊन आले आणि त्यांनी ते पाळण्यात सईच्या पायाशी ठेवलं. "तिनं हरवला ह्याला. मी नाय. पदक तिचाच." सईनं ते अजून जपून ठेवलंय. आणि आपलं दुसरं भांडण त्या दिवशी सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तुमचं म्हणणं, "तू एक फेरा थांबली असतीस तर?" माझं म्हणणं, "नात झाल्याची बातमी काय हातात धरून उभी राहू?" तुम्ही म्हणायचात, ओरडलीस म्हणून पळालो. मी म्हणायचे, ऐकायचं नव्हतं. दरवर्षी सईच्या वाढदिवसाला केक कापून झाला की हा खटला पुन्हा उभा राहायचा. आता ह्या वर्षी कोण उभा करणार तो? मी एकटी दोन्ही बाजूंनी किती भांडू?

जन्मभर मागून चालले त्याचा एक फायदा मात्र झाला. तुमच्या चेहऱ्यापेक्षा तुमची पाठ मला जास्त पाठ झाली. खांदे वर असले की तुम्ही खुशीत. उजवा खांदा जरा खाली गेला की गुडघा दुखतोय, पण सांगणार नाही. कारखाना बंद झाला त्या दिवशी मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. तुम्ही लांबून येताना दिसलात आणि तोंड दिसायच्या आधीच मला कळलं, कारण तुम्ही इतर माणसांसारखे चालत होता. सासूबाई गेल्याचा निरोप आला तेव्हाही तसेच. तुम्ही हळू चाललात की आपल्या घरात काहीतरी वाईट झालेलं असायचं. आणि तरी मी येता-जाता तेच मागत राहिले, जरा हळू चाला, जरा हळू चाला.

गेल्या वर्षी भाऊ पंचाहत्तरीच्या गटात गेले आणि तिथं एकटेच निघाले. दुसरं कुणी नावच देईना. एकटे चालले, एकटे पहिले आले, आणि स्पर्धेवरून थेट आपल्याकडे येऊन ओट्यावर बसले. "मी एकटाच पयला नि एकटाच शेवटला. त्यात काय मजा हाय? लवकर म्हातारा हो रे बाबा." तुम्ही खो खो हसलात. त्याच दिवशी भाऊंच्या देखत तुम्ही मला शब्द दिलात. "पंचाहत्तर होऊ दे. ह्याला एकदा हरवतो, मग शर्यत बंद. मग जन्मभर तुझ्या बाजूनं चालतो." मी म्हटलं, "लिहून द्या." भाऊ म्हणाले, "वैनी, मी साक्षीदार हाय."

पावसाळा सरला आणि तुमचे पाय सुजायला लागले. डॉक्टर म्हणाले, हृदयाची ताकद कमी झाली आहे, आता शर्यत विसरा, घराजवळ हळूहळू चालायचं तेवढं. तुम्ही विचारलंत, "हळू म्हणजे किती?" डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "मावशी चालतात तेवढं." त्या विनोदावर तुम्ही हसला नाहीत. मीही नाही.

मग तुम्ही माझ्या बाजूनं चालू लागलात. नळ, कोपऱ्यावरची गिरणी, औषधाचं दुकान. माझा दंड धरून. शेजारणी म्हणायच्या, म्हातारपणी कसे जोडीनं फिरतात बघा. उभा जन्म जे मागितलं ते मला मिळालं होतं, आणि मला ते नको होतं. मला वाटायचं, तुम्ही माझा हात झटकावा, चार पावलांत पुढे निघून जावं, आणि मी मागून तुमच्या नावानं बोटं मोडावीत. एकदा मी तोंडानं म्हटलंही, "चला की भरभर, मला काय कासव समजलात?" तुम्ही माझ्या दंडावरचा हात नुसता दाबलात.

दिवाळीनंतर एका सकाळी आपण पुलापर्यंत निघालो. तुमचाच हट्ट. अर्ध्या वाटेत तुम्ही थांबलात आणि म्हणालात, "तू हो पुढं. मी येतो." मला जावेना. पण कुणी आपल्यासाठी खोळंबलेलं तुम्हाला आवडत नव्हतं, म्हणून गेले. कठड्यावर जाऊन बसले, तुमच्या जागेवर, आणि रस्त्याकडे बघत राहिले. तुम्ही येत होता. तेव्हा लक्षात आलं की ह्या रस्त्यावर चालतानाचं तुमचं तोंड मी समोरून कधी पाहिलंच नव्हतं. घामेजलेलं, ओठ घट्ट मिटलेले, नजर माझ्यावर. तुम्ही इतकी वर्षं इथं बसून मला असंच येताना पाहत होता. माझंही तोंड असंच दिसत असेल.

तुम्ही पोचलात. मी उठले नाही. जरा सरकले आणि तुम्हाला बसायला जागा दिली. तुमचा श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला. मग म्हणालात, "तू उठली नाहीस."

"कशाला उठू? तुम्ही आत्ता आलात."

तुम्ही पाण्याकडे बघत राहिलात. मग विचारलंत, "मी काय गं, लगेच निघायचो व्हय?"

"हो."

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"लग्न झाल्यापासून सांगतेय."

तुम्ही हसायला लागलात. हसताना खोकला आला, खोकताना पुन्हा हसू आलं, आणि मी तुमची पाठ चोळत बसले. आपण तिथं खूप वेळ बसलो. सायकलवाले गेले, रिक्षा गेल्या, वारा कारखान्यांकडचा होता तो समुद्राकडचा झाला. तुम्ही म्हणालात, इथं बसायला बरं वाटतं. मी म्हटलं, ते तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक आहे, मला आज कळलं.

त्यानंतर पुलापर्यंत जाणं झालं नाही. त्याच दुपारी वरणभात खाऊन तुम्ही आडवे झालात. चार वाजता मी चहा टाकला आणि हाक मारली. दुसऱ्या हाकेला मी चिडले होते. तिसरी मारली नाही. चहा उतू गेला. त्याचा डाग शेगडीवर अजून आहे, वैशालीला मी तो पुसू दिलेला नाही.

तुम्हाला नेताना मडकं वैशालीनं धरलं. बायकांनी कोपऱ्यापर्यंतच यायचं असं कुणीतरी म्हणालं. मी चालत राहिले. पण खांदेकरी तरुण पोरं, तुमच्याच हाताखाली शर्यतीची चाल शिकलेली. त्यांना दुसरी चाल येतच नाही. बघता बघता तुम्ही पुढे गेलात आणि मी मागे पडले, पायात गोळे, डोळ्यांना धड दिसेना. आणि तेवढ्यात भाऊ, खांद्यावर तुम्हाला घेतलेले भाऊ, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असे ओरडले, "हळू चाला रे! वैनी मागं रायल्या!"

सगळे थांबले. तुम्हाला खांद्यावर घेऊन ती पोरं रस्त्यात उभी राहिली. भाऊंनी आपला खांदा दुसऱ्याला दिला, मागे आले आणि माझ्या बाजूनं चालू लागले. एवढ्या वर्षांत तुम्हाला माझ्यासाठी हळू करणारं कुणीतरी भेटलं, आणि ते तुम्हाला दिसलं नाही.

काल भाऊ पुन्हा आले होते. हातात काही नव्हतं. ओट्यावर बसले, तुमच्या बुटांकडे बघत. ते मी जाग्यावरच ठेवले आहेत. म्हणाले, "पुढच्या मयन्यात स्पर्धा हाय. मी नाव काढून घेतो, वैनी. आता कोनासाठी चालू? आमी दोगं त्या गटात असनार व्हतो." मी म्हटलं, नाव काढायचं नाही. ते म्हणाले, बाजूला कुणीच नाय. मी म्हटलं, माझ्याही नाही, तरी मी रोज दूध आणायला जाते. मग तो दांडगा माणूस गुडघ्यात तोंड घालून रडला, आणि माझं रडणं दुपारपर्यंत थांबलं नाही. जाताना मी त्यांना सांगितलं, तुम्ही चाला, मी बघायला येते, आणि ह्या वेळी कुंपणाशी तोंड मिटून उभी राहीन. तेव्हा कुठे जरा हसले.

ते गेल्यावर मी पुलाकडे निघाले, एकटीच. नळ गेला, गिरणी गेली. पुढचा रस्ता इतका मोकळा होता की बघवेना. तुमची पाठ नसलेला तो रस्ता मी पहिल्यांदा पाहिला. कठड्याशी पोचले तेव्हा सवयीनं वाटलं, आता कुणीतरी उठेल, म्हणेल, आलीस? चल. कुणी उठलं नाही. मी बसले. हवा तेवढा वेळ बसले, मला कुणी उठवलं नाही, कुणी घाई केली नाही. जन्मभर हाच विसावा मागत होते ना मी? पण मला तो तुमच्या शेजारी हवा होता हो. असा नको होता.

अंधार पडायला लागला तशी घरी आले आणि हे लिहायला बसले.

तुम्ही पुढे जाऊन कुठेतरी माझी वाट बघत बसला असणार, एक पाय हलवत. मला त्यात शंका नाही. मी येईन, पण माझ्याच चालीनं येईन. सईचं लग्न व्हायचं आहे, भाऊंची स्पर्धा आहे, वाटेत कामं पुष्कळ आहेत. कंटाळू नका. फक्त मी पोचले की लगेच उठून चल म्हणू नका. आता तुम्हाला कळलंय ते. जरा सरका, आणि मला बसायला जागा द्या.